कोंबड्यांचे आवार आणि लिंबाएवढी फट

परसदारी दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणारा माणूस जाळी आणायला तालुक्याच्या बाजारात जातो, तेव्हा त्याच्या मनात कोल्ह्याची भीती असते. ‘कोंबडीची जाळी द्या’ असे म्हटल्यावर दुकानदार षटकोनी छिद्रांची, हाताने सहज वाकणारी जाळी पुढे टाकतो. ती जाळी कोंबड्या आत राहाव्यात म्हणून केलेली असते, बाहेरचा प्राणी बाहेर राहावा म्हणून नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बहुतेकांना पहिल्या कोंबड्या गमावल्यावर कळते. मलाही तसेच कळले.

सुरुवात ‘कोल्हा’ या शब्दापासूनच करावी लागेल, कारण इंग्रजीतले सल्ले वाचून आवार बांधणाऱ्यांची गफलत तिथेच होते. इंग्लंडात ज्याच्या भीतीने जाळी मारतात तो तांबूस केसांचा, झुपकेदार शेपटीचा ‘रेड फॉक्स’ महाराष्ट्रात आढळत नाही. आपल्या गावांत तिन्हीसांजेला जी कोल्हेकुई ऐकू येते ती कोल्ह्याची, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जॅकल’ची, हा प्राणी कुत्र्या-लांडग्यांच्या जवळचा असून त्याचे वजन साधारण आठ-दहा किलो भरते. खरा ‘फॉक्स’ म्हणावा तो आपल्याकडे खोकड. त्याच्या शेपटीचे टोक काळे असते, वजन दोन-तीन किलोंच्या आसपास असते, आणि सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या माळरानांवर तो किडे, उंदीर, सरडे आणि बोरे खाऊन राहतो. एखादे पिल्लू तो उचलतही असेल, पण गावातल्या कोंबड्यांचा खरा वैरी म्हणून त्याचे नाव घेणे अन्यायाचे होईल. तेव्हा परदेशी फॉक्ससाठी लिहिलेला आराखडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्याकडे त्याहून मोठा खणणारा आहे आणि त्याहून बारीक घुसणाराही आहे.

बारीक घुसणारा म्हणजे मुंगूस. राखी रंगाचे साधे मुंगूस दिवसा हिंडते, आणि नेमके हेच लोक विसरतात. कोंबड्यांना धोका रात्रीचा असे धरून आपण रात्रीच्या खुराड्याला कुलूप घालतो आणि दिवसभर दार सताड उघडे ठेवतो. कोल्हा संध्याकाळी अंधारताना आणि पहाटे फिरतो. रानमांजरही त्याच वेळा साधते, आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजर, पूर्ण अंधार पडल्यावर झाडावरून किंवा कौलांवरून उतरते. घूस खालून पोखरते. धामण अंड्यांसाठी आणि पिल्लांसाठी येते. लहान पिल्लांवर वरून शिक्रा, घार, कावळा आणि कुंपणातून भारद्वाज डोळा ठेवून असतात. गावातली मोकाट कुत्री तर कोणत्याही वेळी येतात, आणि कोल्ह्याच्या नावावर जमा झालेले कित्येक गुन्हे त्यांचेच असतात. थोडक्यात, चोवीस तासांतला एकही प्रहर मोकळा नाही.

आलेला प्राणी कोणता, हे खुणांवरून बऱ्याच वेळा ओळखता येते. कोल्हा किंवा रानमांजर बहुधा कोंबडी घेऊन जाते, त्यामुळे पिसांचा माग कुंपणाबाहेर सापडतो. कुत्री मारून तिथेच टाकून जातात आणि जाळी ओरबाडून, वाकवून ठेवतात. मुंगसाचा चावा मानेवर किंवा डोक्यावर असतो, बाकी अंग बरेचदा शाबूत असते, आणि फुटकी अंडी आसपास पडलेली असतात. अंडी नाहीशी झाली पण कवचाचा तुकडाही दिसत नाही, तर संशय सापाचा घ्यावा. या खुणा पक्क्या पुराव्यासारख्या नाहीत, पण जाळीचा कोणता भाग आधी तपासायचा एवढे त्या नक्की सांगतात.

एक प्रश्न मात्र प्रत्येक जण विचारतो: खायची एक असताना दहा का मारल्या? लोक याला प्राण्याचा दुष्टपणा म्हणतात. हान्स क्रूक या प्राणीशास्त्रज्ञाने १९७२ साली या वागण्यावर एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. त्यातून निघणारी समजूत अशी की शिकार शोधणे, पकडणे, मारणे आणि खाणे या शिकारी प्राण्याच्या वेगवेगळ्या क्रिया असतात आणि पोट भरले म्हणजे त्या सगळ्या एकदम थांबतात असे नाही. उघड्या रानात पहिला पक्षी धरला की बाकीचे उडून जातात, त्यामुळे प्रकरण तिथेच संपते. बंद खुराड्यात बाकीच्यांना पळायला जागा नसते. त्या समोरच फडफडत राहतात, आणि प्रत्येक फडफड शिकाऱ्याला नवे आमंत्रण ठरते. याचा बांधकामाशी थेट संबंध आहे. अर्धवट सुरक्षित आवार हे मोकळ्या परसापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण तिथे शिकारी आत येऊ शकतो आणि कोंबडी बाहेर जाऊ शकत नाही.

माझ्या बाबतीत झाले ते असे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीला लागून मी आवार केले होते आणि त्याला आंब्याच्या फळ्यांचे दार होते. श्रावणात ते दार फुगून उंबऱ्याला घासू लागले. रोज सकाळी खांद्याने ढकलावे लागे, म्हणून मी सुताराकडून खालची कड रंध्याने काढून घेतली आणि दार कसे सुरेख फिरते यावर खूश झालो. दिवाळी होऊन गेली, हवा कोरडी झाली, लाकूड आटले. दाराखाली किती फट पडली ते मी पाहिलेच नाही, कारण दार उत्तम चालत होते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंनी हाक मारली, “अरे, तुझ्या कोंबड्या ओरडतात बघ.” मी पोहोचेपर्यंत चौदांतल्या नऊ आडव्या झाल्या होत्या आणि मुंगूस त्याच फटीतून, अंग चपटे करून, निवांत बाहेर पडत होते. फट मी नंतर मोजली. एक कागदी लिंबू तिच्याखालून घरंगळत आत गेले.

तेव्हापासून माझा नियम एवढाच आहे: जिथून लिंबू आत जाते तिथून मुंगूस जाते असे धरून चालावे. हा काही शास्त्रीय मोजमापाचा नियम नव्हे, पण खिशात लिंबू घेऊन आवाराभोवती एक फेरी मारली तर टेप लावून जे दिसत नाही ते दिसते.

जाळीची निवड

आता जाळीकडे येऊ. जाळी घेताना दोन गोष्टी पाहायच्या असतात, छिद्राचा आकार आणि तारेची जाडी. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटे गणित नीट लक्षात ठेवावे. २२ गेजची तार जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची असते, १८ गेजची सुमारे १.२ मिलिमीटर, १६ गेजची १.६ आणि १४ गेजची २ मिलिमीटर. षटकोनी कोंबडीजाळी बहुधा २० ते २२ गेजची असते आणि तिची तार जागोजाग नुसती पिळलेली असते. एक तार तुटली की पीळ सुटत जातो आणि हाताएवढे भगदाड व्हायला वेळ लागत नाही. कुत्रा किंवा कोल्हा ती दाताने ओढून तोडू शकतो. याउलट वेल्डमेश, म्हणजे उभ्या-आडव्या तारा प्रत्येक सांध्यावर जोडलेली चौकोनी जाळी, एका ठिकाणी तुटली तरी उसवत नाही.

सगळीकडे एकच जाळी वापरण्याची गरज नाही आणि ते परवडतही नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, १८ गेजची वेल्डमेश लावावी. त्यावर एक इंच छिद्रांची, १६ किंवा १४ गेजची चालते. खालच्या पट्ट्यात बारीक छिद्रे मुंगसासाठी आणि घुशीसाठी हवीतच, पण आणखी एक कारण आहे. रुंद छिद्रांतून रानमांजर पंजा आत घालते, जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीचा पाय किंवा मान धरते आणि आवाराला कोठेही फट नसताना कोंबडी मरते. चेनलिंकची दोन-अडीच इंचांची जाळी ही शेताच्या कुंपणाची जाळी आहे. ती आधीच मारलेली असेल तर काढू नये, तिच्या आतून खालच्या तीन फुटांना बारीक वेल्डमेश बांधून घ्यावी.

पिल्लांच्या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे. उंदराचे पोर आणि बारीक साप अर्ध्या इंचातूनही येऊ शकतात. त्यामुळे पहिले पाच-सहा आठवडे पिल्लांना दिवसा आवारात डालग्याखाली आणि रात्री पाव इंच जाळीच्या पेटीत ठेवणे अधिक बरे. डालग्यावर धोंडा ठेवायचा, हे आपल्या आज्यांना सांगावे लागत नसे.

जमिनीशी गाठ

खणणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी खणतो. जाळी जिथे नाकाला लागते तिथेच तो माती उकरू लागतो. दोन फूट मागे सरकून तिथून भुयार काढावे एवढा विचार तो सहसा करत नाही. या सवयीचा फायदा घेणारी सोपी युक्ती म्हणजे जाळीचा पदर. उभ्या जाळीच्या खालच्या कडेला जोडून दोन फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरायची, वाकवलेल्या सळईच्या आकड्यांनी ठोकून बसवायची आणि वर दोन-तीन इंच माती किंवा दगड टाकायचे. प्राणी बुडाशी उकरायला लागला की त्याच्या पंजाला जाळी लागते. एका पावसाळ्यात गवत तिच्यातून वाढते आणि जाळी जमिनीशी अशी एकजीव होते की ती आहे हे आपल्यालाच आठवावे लागते.

पदराची चूक नेहमी कोपऱ्यात होते. चारही बाजूंना दोन फुटी पट्टी टाकली तरी प्रत्येक कोपऱ्याबाहेर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन उघडा राहतो, आणि कोंबडीचा वास घेत आवाराभोवती फिरणारा प्राणी कोपऱ्यावर हमखास थबकतो. तेवढे चार तुकडे वेगळे कापून शेजारच्या पट्ट्यांना बांधणीच्या तारेने शिवले पाहिजेत.

जाळी उभी पुरावी की आडवी पसरावी, हा वाद जमिनीवर सोडावा. कोकणात कातळ हाताला लागतो तिथे चर खणणे जिकिरीचे होते. अशा जागी चिऱ्यांचा एक थर सिमेंटमध्ये बसवून त्यावर जाळीची चौकट उभी करणे स्वस्त आणि टिकाऊ पडते, कारण जांभा चिरा हाताशी असतो आणि त्याला गंज नाही. फक्त चिऱ्यांच्या सांध्यांतून पाणी वाहून माती जाते, तेव्हा सांधे भरून घ्यावेत. देशावर काळ्या मातीत गोष्ट वेगळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात फूटभर पुरलेली जाळी एप्रिलात भेगेच्या एका बाजूला उघडी पडते आणि खांब कलतात. तिथे खांबाचे खड्डे शक्य तर मुरूम लागेपर्यंत न्यावेत, नाहीतर काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा, आणि जाळी न पुरता पदरच पसरावा. जमीन हलली तरी पदर तिच्याबरोबर हलतो.

आतल्या बाजूने एक शत्रू आपण स्वतःच पाळलेला असतो. कोंबड्यांना धुळीत अंग घोळवायला जाळीच्या कडेची कोरडी जागा फार आवडते. त्या तिथे उकरून उकरून वीत-दीड वीत खड्डा करतात आणि जाळीचे बूड आतून उघडे पडते. कडेने आतून एक ओळ दगडांची लावावी, आणि धुळीसाठी मधोमध राख मिसळलेल्या मातीचा एक मोठा खळगा करून द्यावा.

वरचे झाकण

उंच भिंत असली की झाकणाची गरज नाही, हा समज सर्वांत महाग पडतो. कुत्रा उडी मारतो, रानमांजर आणि कांडेचोर चढतात, आणि शिकऱ्याला तर भिंतीचा प्रश्नच नाही. आवार वरून पूर्ण बंद हवे. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी वर टाकण्याची कोकणात पद्धत आहे. पक्ष्यांपुरती ती ठीक, पण कांडेचोराचे दात तिला जुमानत नाहीत आणि उन्हाने ती दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते. एक इंची वेल्डमेशच टाकावी, आणि ती मध्ये झोळीसारखी लोंबू नये म्हणून खाली दर दोन फुटांवर जाड तार ताणून घ्यावी. उंची साडेसहा फूट ठेवली तर माणसाला ताठ उभे राहून आत झाडता येते. वाकून झाडावे लागले की माणूस झाडायचे टाळतो, आणि मग उरलेल्या धान्यावर उंदीर येतात आणि उंदरांवर साप येतात.

जागा निवडताना एकदा वर पाहावे. माडाखाली आवार बांधू नये. वाळलेली झावळ किंवा नारळ साडेसहा फुटांवरच्या जाळीवर पडला तर ती फाटते, आणि ती रात्री फाटली तर आपल्याला सकाळीच कळते. फणसाखालीही तोच प्रकार. आवाराला टेकलेली फांदी ही कांडेचोराची शिडी आहे, तेव्हा फांद्या चार-पाच फूट दूरवर छाटाव्यात.

कोकणच्या पावसात अर्ध्या आवारावर पत्रा किंवा कौले हवीत, नाहीतर जुलैत आत चिखल होऊन कोंबड्यांचे पाय बिघडतात. विदर्भात उलट काळजी घ्यावी लागते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखाली कोंडलेली कोंबडी उन्हानेच मरते, तिला कोल्ह्याची गरज नसते. तिथे पत्र्यावर गवताचा किंवा तुराट्यांचा जाड थर द्यावा आणि चारही बाजू जाळीच्याच ठेवाव्यात.

जाळी ठोकताना

जाळी नेहमी खांबांच्या बाहेरच्या बाजूने लावावी. ती आतून लावली तर बाहेरून ढकलणाऱ्या प्राण्याचा सगळा जोर खिळ्यांवर येतो आणि खिळे उपटतात. बाहेरून लावली तर तोच जोर जाळीला खांबावर दाबतो. लाकडी खांबाला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वाकलेले खिळे दर चार इंचांवर मारावेत, किंवा स्क्रूखाली रुंद वॉशर घालून जाळी दाबावी. लोखंडी अँगल असेल तर बांधणीची तार दुहेरी पिळून घ्यावी. दोन जाळ्या जिथे भेटतात तिथे त्या किमान चार इंच एकावर एक याव्यात आणि गोधडीसारख्या शिवल्या जाव्यात. नुसत्या एकमेकींना टेकवलेल्या जाळ्यांमध्ये मुंगूस नाक खुपसते आणि मग अंग नेते.

बांबूचे खांब स्वस्त असले तरी वाळवी त्यांना बुडापासून खाते. जमिनीत जाणारा भाग जळक्या तेलात भिजवून, खाली दगड-मुरूम घालून रोवला तर ते अधिक टिकतात, तरी दरवर्षी एकदा हलवून पाहावेत. गिरिपुष्पाचे जिवंत खांब बाहेरच्या कुंपणाला छान, पण जाळीला नकोत. ते वाढतात, वाऱ्यात डोलतात आणि जाळीचे सांधे सैल करतात.

दार आणि खुराडे

आवारातला सर्वांत कच्चा भाग दार असतो, कारण तेवढेच एक हलते. दार बाहेर उघडणारे असावे आणि आतून चौकटीला पट्टी असावी, म्हणजे बाहेरून ढकलले तर ते त्या पट्टीवर घट्ट बसते. खाली उंबरा हवाच, तो दगडाचा किंवा सिमेंटचा असावा, आणि दार बंद असताना त्याच्यावर अर्ध्या इंचाहून जास्त फट राहू नये. ही फट पावसाळ्यात नव्हे तर मार्च-एप्रिलात मोजावी, असे मी माझ्या नऊ कोंबड्यांच्या जोरावर सांगू शकतो. लाकूड फुगून अडकत असेल तर ते न कापता, उन्हाळ्यात आटल्यावर होईल एवढी फट झाकणारी पत्र्याची पट्टी खालच्या कडेला बाहेरून ठोकावी. एक कडी वर आणि एक खाली घालावी. एकच कडी मध्यभागी असेल तर दाराचा खालचा कोपरा कुत्र्याच्या नाकाने वाकतो.

खुराडे म्हणजे रात्री झोपण्याची जागा, आणि ते आवारात असले तरी स्वतंत्रपणे बंद होणारे हवे. बाहेरची जाळी चुकून फसली तर आतला दरवाजा उरतो. ते जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर असावे. बारा कोंबड्यांना तीन फूट बाय सहा फूट तळ पुरतो, त्यात सहा-सहा फुटांच्या दोन दांड्या बसतात आणि प्रत्येकीला बसायला आठ इंचांहून अधिक जागा मिळते. वाऱ्यासाठी वरच्या बाजूला, छपराच्या लगत, अर्धा इंच जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात. फळ्यांनी सगळे बंद करून घेणाऱ्यांच्या कोंबड्या मुंगसापासून वाचतात आणि विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाच्या वासाने सर्दी-खोकल्यात अडकतात. कोंबड्यांच्या लहान दाराला दोन खाचांतून वर-खाली सरकणारी फळी उत्तम, कारण ती स्वतःच्या वजनाने बंद राहते. अंधार पडला की कोंबड्या आपोआप आत जातात. दार लावायचे ते त्यानंतर पंधरा मिनिटांत, आणि मोजून. एखादी बाहेर राहिली तर तिच्या आवाजाने रात्री जे येते ते बाकीच्यांचीही चौकशी करते.

साहित्याचा हिशेब

बारा कोंबड्यांसाठी दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे १२० चौरस फूट आवार धरू. प्रत्येकीला दहा चौरस फूट येतात; याहून कमी जागेत त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. घेर ४४ फूट होतो. तीन फूट रुंद आणि ५० फूट लांब अर्धा इंची जाळीचा एक गुंडाळा खालच्या पट्ट्याला पुरतो आणि सांध्यांसाठी सहा फूट उरतात. त्यावरचा साडेतीन फुटी पट्टा १५४ चौरस फूट आणि छत १२० चौरस फूट, ही एक इंची जाळी. पदराला ८८ आणि कोपऱ्यांना १६, मिळून १०४ चौरस फूट. पदरासाठी जुनी, थोडी गंजलेली पण अखंड वेल्डमेश चालते, आणि मला वाटते काटकसर करायची तर तिथेच करावी, दाराच्या कडीत करू नये. खांब साडेआठ फुटांचे, दोन फूट जमिनीत जाणारे: चार कोपऱ्यांना, चार बाजूंच्या मध्यावर आणि एक दारासाठी, असे नऊ.

वीज, विष आणि सापळा

शेतात डुकरांसाठी लावतात ते सौर झटका मशीन आवारालाही जोडता येते. जमिनीपासून सहा आणि बारा इंचांवर, जाळीपासून वीतभर बाहेर, इन्सुलेटरवर दोन तारा घेतल्या की नाकाने चाचपणारा कोल्हा पहिल्याच झटक्यात धडा घेतो. हे यंत्र दाब मोठा पण क्षणभराचा, सेकंदा-सव्वा सेकंदाने एकदा, असा देते; म्हणून तो दुखतो पण मारत नाही. तारेला गवत लागले की झटका जमिनीत जातो, तेव्हा पावसाळ्यात आठवड्याला गवत कापावे लागते. घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तो प्रवाह सलग असतो, त्याने माणसे मेली आहेत आणि मरतात, आणि तो गुन्हा आहे.

विष आणि फास यांचाही विचार करू नये. कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर, कांडेचोर या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणे आणि विष घालणे येते. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही: एक मुंगूस मारले तर त्याची मोकळी झालेली हद्द दुसरे घेते, फट मात्र तिथेच राहते, आणि मुंगूस गेल्यावर वाढलेले उंदीर खाद्याच्या पोत्याला भोके पाडतात. आवारात सापडलेल्या कोल्ह्याला कोंडून काठी घेऊन आत जाऊ नये. दार उघडून दूर व्हावे. तो चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.

देखभालीच्या वर्षातून तीन वेळा पक्क्या ठरवाव्यात. मृगाआधी खांब हलवून पाहावेत आणि जाळीच्या कापलेल्या टोकांना रंग द्यावा, कारण जस्ताचा थर कापल्या जागी उघडा पडतो आणि गंज तिथूनच शिरतो. समुद्राकाठी तर हे चुकवूच नये. गणपतीच्या सुमारास पदरावरची माती वाहून गेली असेल तिथे पुन्हा टाकावी. तिसरी फेरी थंडी सरताना, लाकूड पुरते आटल्यावर घ्यावी. त्या दिवशी रात्री खुराड्यात कंदील ठेवून बाहेरून पाहावे, जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन आवाराला फेरी मारावी. माझ्या दाराखाली आता चार बोटे रुंद पत्र्याची पट्टी आहे. ते मुंगूस, किंवा त्याच्या पुढच्या पिढीतले कोणी, अजूनही सकाळी अकराच्या सुमारास गडग्यावरून येते, त्या पट्टीला नाक लावते, दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वास घेत जाते आणि मागच्या काजूकडे निघून जाते.